हक्काची सुट्टी, हक्काची खुर्ची

१० जून या तारखेला कुठे तोरणे लागत नाहीत, भाषणे होत नाहीत. पण महाराष्ट्राने ही तारीख आठवणीत ठेवायला हवी. १८९० साली याच दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने कामगारांची रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली. हे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांचे आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारो गिरणी कामगारांचे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारात घडलेल्या, ‘दीनबंधू’चे संपादकपद सांभाळणाऱ्या लोखंड्यांनी १८८४मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यानंतरही सुट्टी मिळायला सहा वर्षे लागली. एप्रिल १८९०च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्यात दोन स्त्री कामगारही बोलायला उभ्या राहिल्या.

१८८४च्या त्या निवेदनात काय मागितले होते, ते आज मुद्दाम वाचावे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आले तर निर्वाहाची सोय. निरोगी कामाची जागा कशी असावी, याचा याहून नेमका जाहीरनामा आजही क्वचितच सापडेल. माणसाचे शरीर थकते, त्याला वेळेवर पैसे लागतात, त्याला घर असते, हे या पाच मागण्यांनी मालकांपुढे स्वच्छ मांडले. आज कंपन्यांत ताणमुक्तीची व्याख्याने होतात, योगदिनाला सतरंज्या अंथरल्या जातात. यात वाईट काहीच नाही. पण तिघांचे काम एकट्यावर टाकायचे आणि त्यालाच दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचे, याला कल्याण म्हणता येणार नाही.

लग्नसराईत कोणत्याही शहरातल्या मोठ्या साडीच्या दुकानात डोकवा. गिऱ्हाईक गादीवर, मालक गल्ल्यावर आणि विक्रेती मुलगी सकाळी शटर उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत उभी. ढीगभर साड्या उलगडायच्या, हसतमुखाने दाखवायच्या, पुन्हा घड्या घालून कपाटात लावायच्या. दुपारी दुकान रिकामे असले तरी टेकायचे नाही, कारण बसलेली नोकरमाणसे मालकाला खपत नाहीत. पिंढऱ्या भरून येतात, पायांच्या शिरा फुगतात. स्वच्छतागृह दुकानात नाही, ते दोन गल्ल्या सोडून. म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नाही आणि मग लघवीच्या जळजळीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणते. केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या हक्कासाठी कायद्यात दुरुस्ती केली. एक स्टूल ठेवायला, एक शौचालय बांधायला मात्र कोणत्याच दुकानदाराला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

सोयींची हीच उणीव उसाच्या फडात जिवावर बेतते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर आणि एक दिवस कामाला आले नाही की खाडा धरून कापला जाणारा दंड. फडात शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. २०१९मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रियेमागची कारणे वेगळी असतील. तरी आजारपणाची सुट्टी म्हणजे दंड, अशी जिथे रीत आहे, तिथे बाई आधी दुखणे अंगावर काढते आणि शेवटी दुखण्याचे मूळच काढून टाकायला तयार होते, हे नाकारता येणार नाही. कामाच्या जागेच्या आरोग्याची चर्चा काचेच्या इमारतींपुरती ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

काचेच्या इमारतींतले दुखणे वेगळे आहे, खोटे नाही. हिंजवडीत किंवा ऐरोलीत आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलाला खुर्ची उत्तम मिळते, वातानुकूलन मिळते. त्याचा वेळ मात्र त्याचा उरत नाही. रविवारी संध्याकाळी आईबरोबर जेवायला बसावे, तर व्हॉट्सअॅपच्या गटावर साहेबांचा निरोप येतो : ‘उद्या सकाळी नऊला लागेल.’ ताट तसेच राहते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसे पिळून उत्पादन वाढते, या समजुतीला हा हिशेबच उत्तर देतो.

या पार्श्वभूमीवर राज्य मंत्रिमंडळाचा सप्टेंबर २०२५चा निर्णय तपासायला हवा. कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांतील ९ तासांवरून १० तास करण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे आश्वासन त्यासोबत आहे. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा, ही इच्छा कोणाला नसेल? पण ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी नव्याने होते, त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवला तर तो सही करण्यावाचून दुसरे काय करणार? बारा तासांची पाळी आणि त्यात बदलापूर किंवा विरारहून जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर झोप आणि मुलाबाळांसाठी किती वेळ उरतो, हा हिशेब मंत्रालयात कोणीतरी मांडायला हवा होता.

कामाची जागा निरोगी ठेवायला फार मोठा खर्च लागत नाही. बसायला जागा, वापरण्यासारखे शौचालय, पिण्याचे पाणी, डबा खायला निवांत अर्धा तास. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याची मुभा. आजारी पडल्यास पगार न कापता रजा आणि रजा मागताना अपराध्यासारखे उभे राहावे लागू नये, एवढी माणुसकी. चारचौघांत अपमान करणाऱ्या वरिष्ठाला ‘कामाचा माणूस’ म्हणून पाठीशी घालणे बंद व्हावे. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याने बंधनकारक केली आहे. तिचे सदस्य कोण, हे प्रत्येकीला ठाऊक असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘हे मला झेपत नाही’ असे म्हणणाऱ्याची नोकरी सुरक्षित असावी. ते न बोलता आल्यामुळेच बहुतेक दुखणी उशिरा कळतात.

लोखंड्यांच्या कामगारांना रविवारची सुट्टी कोणी कौतुकाने दिली नव्हती. त्यांनी सह्या केल्या, सभा घेतल्या, वाट पाहिली आणि ती मिळवली. आज दुकानातली मुलगी, फडातली बाई आणि संगणकापुढचा तरुण एकाच संघटनेत नाहीत, कित्येकांना तर संघटनाच नाही. म्हणून त्यांच्या वतीने विचारण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांवर येते. मालक असाल तर या आठवड्यात आपल्या माणसांना एकच प्रश्न विचारा : इथे काम करताना तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? उत्तर निमूटपणे ऐका आणि त्यातली एक तरी गोष्ट पुढच्या पगाराच्या आत दुरुस्त करा. गिऱ्हाईक असाल तर समोरच्या मुलीला बसायला स्टूल का नाही, हे गल्ल्यावर विचारून मगच बिल चुकते करा.