काळ्या पाषाणाचं बेट, पांढरी वाळू

पुण्याजवळच्या माणच्या आयटी पार्कात पाया खोदताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. ब्रेकरने फोडलेला तुकडा हातात घेतला तर त्यात बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हा निवताना अडकलेल्या वायूच्या या जागा; कित्येकींत झिओलाइटचे पांढरे खडे चमकतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ज्या उष्णस्रोतातून आला, त्यानेच भारतभूमी उत्तरेकडे सरकल्यावर मालदीवचा पाया घातला आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आणलं. शेजारच्या रियुनियन बेटावर तो आजही धगधगतो.

माण-हिंजवडीतून मॉरिशसला मधुचंद्रासाठी जाणाऱ्यांना हे नातं कुणीतरी सांगायला हवं. पॅकेजमध्ये रिसॉर्ट, बोटीची एक फेरी आणि शामारेलची सातरंगी माती एवढंच असतं. पांढऱ्या वाळूचा एकच किनारा पाहून माणसं परततात, आणि बेटाचं खरं वैभव राहून जातं.

खडक काळा, मग वाळू पांढरी कशी? ती ज्वालामुखीची नव्हेच. बेटाभोवती प्रवाळांची भिंत आहे. प्रवाळ आणि शंखशिंपले झिजून त्यांचा चुरा किनाऱ्याला लागतो. भिंतीच्या आतलं पाणी संथ, उथळ. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला मात्र ही भिंत खंडित होते. तिथे लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात, तुषार वरच्या गवतापर्यंत उडतात. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग उधाणात पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. पोहायला तिथे उतरायचं नाही. पण एक अख्खा दिवस या दक्षिण किनाऱ्याला द्यायलाच हवा. रियुनियनला जाणं जमलं तर तिथला एतां-सालेचा किनारा पाहावा; त्याची वाळू काळीच आहे, थेट लाव्ह्याची.

पांढरी वाळू पुन्हा घडायला प्रवाळ जिवंत हवेत. पूर्वी बांधकामासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातून वाळू उपसली जाई. २००१ मध्ये मॉरिशसने ते बंद केलं. आता काळा दगडच भरडून वाळू करतात, माणच्या साइटवर डंपरने येणाऱ्या क्रश सँडसारखी. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे जहाज आग्नेयेकडच्या प्रवाळांवर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं, तेव्हा लोकांनी उसाच्या पाचटाचे तरंगते बांध शिवून किनारे वाचवायची धडपड केली. अशा ठिकाणी प्रवाळावर पाय देणं किंवा शिंपले पिशवीत भरणं हा अपराधच मानावा.

पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवर कोकणासारखं सुरूचं बन आहे. त्या बाजूच्या गावांत एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि मूर्ती नद्यांत, समुद्रात विसर्जित होतात. तेव्हा तिथला हिवाळा सरत आलेला असतो आणि वादळांचा हंगाम दूर असतो. लग्नसराईनंतरच्या डिसेंबर-जानेवारीपेक्षा हेच दिवस निवडावेत.