पळालेला जवान बहुधा घरीच असतो

29 सप्टेंबर 2016. नियंत्रण रेषा ओलांडून दहशतवाद्यांच्या तळांवर कारवाई केल्याचे भारतीय लष्कराने दिल्लीत जाहीर केले. त्याच दिवशी 37 राष्ट्रीय रायफल्सचा जवान चंदू चव्हाण पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागला. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचा हा मुलगा आजी-आजोबांकडे वाढलेला. बातमीच्या धक्क्याने आजी गेली. तो चुकून पलीकडे गेला, असे भारताने सांगितले. पाकिस्तानचे म्हणणे वेगळे होते: वरिष्ठांच्या वागणुकीला कंटाळून तो स्वतःहून आला. 21 जानेवारी 2017 रोजी तो वाघ्यावरून परतला तेव्हा धुळ्याचे खासदार सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते, आणि जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. पुढे कोर्ट मार्शल होऊन त्याला सुमारे तीन महिन्यांची कैद झाली, तेव्हा मात्र त्याची फारशी चर्चा झाली नाही. 2019 मध्ये छळाचा आरोप करत त्याने नोकरी सोडत असल्याचे जाहीर केले. लष्कराने आरोप फेटाळले आणि शिस्तभंगाची प्रकरणे त्याच्यावरच असल्याचे सांगितले.

खरे-खोटे काहीही असो, या प्रकरणाने एक गैरसमज पक्का केला. सैन्य सोडून पळणारा म्हणजे शत्रूकडे जाणारा, निदान गोळीला घाबरणारा. प्रत्यक्षात ‘पळालेला’ जवान बहुतेक वेळा कुठेही गेलेला नसतो. तो सुट्टीवर घरी आलेला असतो आणि परतीच्या गाडीत बसलेला नसतो. फौजेत याला रोजच्या वापरातला शब्द आहे, ओएसएल. म्हणजे रजा संपूनही हजर न होणे.

कायदा या दोन गोष्टींत फरक करतो. लष्कर अधिनियम 1950 च्या कलम 38 खाली पलायनाला, सक्रिय सेवेवर असताना, मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. एरवी सात वर्षांपर्यंत कैद. कलम 39 खाली परवानगीशिवाय गैरहजेरीला जास्तीत जास्त तीन वर्षे. दोहोंतला फरक मनातल्या हेतूचा: परत यायचे होते की नव्हते? पण हा हेतू तपासण्याआधीच 30 दिवस उलटले की चौकशी बसते, पलटणीच्या दप्तरात नोंद होते आणि जिल्ह्याच्या पोलिसांना पत्र जाते. मग पोलीस दारात. गावाला तेवढे पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 2023 रोजी निकाली काढलेले एक प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 1983 मध्ये आर्मी सर्व्हिस कोरमध्ये वाहनचालक म्हणून भरती झालेला एक शिपाई नोव्हेंबर 1998 मध्ये 39 दिवसांच्या सुट्टीवर गेला. बायको आजारी आहे म्हणून त्याने मुदत मागितली. ती 17 जानेवारी 1999 पर्यंत मिळाली. नंतरही तो फिरकला नाही. फेब्रुवारीत त्याला फरारी ठरवण्यात आले आणि मे महिन्यात तो आपणहून हजर झाला. हिशेब निघाला 108 दिवसांचा. ऑगस्टमध्ये बडतर्फी. पेन्शनला लागणारी 15 वर्षे त्याने ओलांडली होती, पण बडतर्फ झालेल्याला पेन्शन कुठली? बायकोच्या उपचारांचे कागद त्याने दाखवले नाहीत, पूर्वीही गैरहजेरीच्या शिक्षा झाल्या होत्या, या मुद्द्यांवर न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. निकालात कायद्याची चूक काढता येत नाही. ज्या तुकडीतला एक चालक साडेतीन महिने येत नाही, तिथे त्याची गाडी दुसऱ्याला चालवावी लागते आणि कदाचित त्या दुसऱ्याचीच सुट्टी रद्द होते. गैरहजर माणसाबद्दल हळहळताना हा दुसरा जवान नेहमी विसरला जातो.

तरीही प्रश्न उरतो. स्वतःच्या मर्जीने भरती झालेला, सोळा वर्षे काढलेला माणूस सगळे पणाला लावून घरी का थांबतो?

‘स्वतःच्या मर्जीने’ या शब्दांत बरेच काही दडलेले आहे. भारतात सक्तीची भरती नाही, हे खरे. पण 2022 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलावर विदर्भभरातून अग्निवीर व्हायला आलेली पोरे निव्वळ देशप्रेमाने धावत होती असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. देशप्रेम असतेच. त्याच्या जोडीला कोरडवाहू शेती असते, बहिणीचे लग्न असते, पोलीस भरतीत हुकलेला नंबर असतो. साडेसतराव्या वर्षी दिलेली संमती ही पुष्कळदा घराची संमती असते. त्या वयात घेतलेला निर्णय बदलावासा वाटणे यात गुन्हा काही नाही. गुन्हा होतो तो बाहेर पडायच्या पद्धतीमुळे.

अमेरिकेने 1973 मध्ये सक्तीची भरती बंद केली. सगळेच स्वेच्छेने आलेले, तरी पलायन थांबले नाही. इराक युद्धाच्या ऐन भरात, 2007 मध्ये, तिथल्या लष्करातून सुमारे 4,700 सैनिक पळाले. त्याआधी 2002 मध्ये त्यांच्याच लष्करी संशोधन संस्थेने या प्रकाराचा अभ्यास केला होता. त्यात युद्धाची भीती नव्हे, तर घरच्या अडचणी आणि लष्करी जीवनाशी न जुळणे ही कारणे ठळकपणे पुढे आली. पळणारे बहुधा वयाने लहान आणि कमी शिकलेले होते.

श्रद्धेपायी पळणारेही असतात. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरातल्या ऑपरेशन ब्लूस्टारनंतर रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमधून आणि गंगानगरच्या पलटणीतून जवान शस्त्रांसह बाहेर पडले. ते बंड होते, त्याची जात निराळी.

रोजच्या गैरहजेरीचे मूळ मात्र दोन ठिकाणी सापडते, रजेत आणि गाऱ्हाण्यात. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर ती भरपूर वाटते. पण ती हवी तेव्हा मिळेलच असे नाही, आणि जमिनीच्या मोजणीची तारीख किंवा वडिलांचे ऑपरेशन पलटणीच्या सोयीने ठरत नाही. जुन्या मराठा फौजांचे वेळापत्रकच वेगळे होते. पावसाळ्यात शिलेदार घरी, पेरणी उरकून दसऱ्याला सीमोल्लंघन. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वारही त्याच चक्रात वाढलेले. आजच्या बारमाही फौजेला ते परवडणार नाही, पण सैनिकाला शेत असते हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

गाऱ्हाण्याची गोष्ट अधिक अवघड. कलम 26 खाली जवानाला तक्रार करता येते, पलटणीत सैनिक संमेलन भरते, आणि जानेवारी 2017 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्याही ठेवायला लावल्या. पुढच्याच महिन्यात देवळालीच्या तोफखाना छावणीत अधिकाऱ्यांची घरगुती कामे करणाऱ्या सहायकांचे छुपे चित्रीकरण प्रसिद्ध झाले. त्यात दिसलेला एक लान्स नाईक नाहीसा झाला. त्याच्या नावापुढे आधी ‘गैरहजर’ अशी नोंद झाली. 2 मार्चला छावणीतल्याच एका पडीक बराकीत त्याचा मृतदेह मिळाला. त्याच्याविरुद्ध कोणतीही चौकशी लावलेली नव्हती, असा लष्कराचा खुलासा आहे. तो मान्य केला तरी, तक्रारपेटी हाताशी असताना एका जवानाला इतके एकटे का वाटले, याचे उत्तर त्या खुलाशात नाही. जुलै 2022 मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत 819 आत्महत्या झाल्या, त्यातल्या 642 भूदलातल्या. ताण सहन न होणाऱ्यांतला एखादा घरी निघून जात असेल, तर त्याला नुसता पळपुटा म्हणून चालत नाही.

रीतसर बाहेर पडायची वाट नियमांत आहे. लष्कर नियम 13 नुसार स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती मिळू शकते, पण ती कमांडिंग ऑफिसरच्या समाधानावर अवलंबून. अग्निवीरांना तर चार वर्षे पुरी होण्याआधी, अपवादात्मक परिस्थिती सोडता, मागून सुटका नाही. त्यांच्यापैकी फक्त 25 टक्क्यांपर्यंत जवान कायम होणार, बाकीच्यांना पेन्शन नाही. बडतर्फीच्या भीतीत मोठा वाटा पेन्शन जाण्याचा असे. तीच नसेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आपण कायम होणार नाही अशी खूणगाठ बांधलेल्या पोराला धाक उरतो तो सेवानिधीची, म्हणजे चार वर्षांअखेर हाती पडणारी एकरकमी रक्कम बुडण्याचा. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात.

म्हणून सरकारने दोन गोष्टी आताच कराव्यात. गैरहजेरी आणि पलायनाचे आकडे कारणांसह, अग्निवीर आणि नियमित जवान असे वेगळे करून, दरवर्षी संसदेपुढे ठेवावेत. आणि 30 दिवस भरून पोलीस दारात जाण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस त्या घरी पोहोचावा. या कार्यालयांत बहुतेक माजी सैनिकच असतात. रजा नाकारली गेल्यावर काय वाटते, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.