भाताचे झाड

2023 च्या मे महिन्यात श्रीलंकेत कँडीजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी चार दिवस मुक्काम केला. परसात नारळ, सुपारी, फणस, गिरिपुष्पावर चढवलेले मिरीचे वेल, अशी नुसती दाटी. ‘निम्मी झाडे काढा, ओळीत लावा,’ असे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. अधिकाऱ्याची खोड, दुसरे काय!

माझ्या पानात रोज भात असे. घरची मंडळी मागाहून जेवत. तिसऱ्या रात्री पाणी मागायला चुलीपाशी गेलो, तर सगळे फणसाचे उकडलेले कच्चे गरे खवलेल्या नारळाबरोबर खात होते. मी ओशाळलो.

थोरल्या मुलाने मोडक्या इंग्रजीत सांगितले. 2021 साली सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भात घटला, 2022 साली तांदूळ परवडेनासा झाला. घर तगले ते फणसावर. सिंहलीत फणसाला ‘बत गस’, म्हणजे भाताचे झाड, म्हणतात.

चौथ्या दिवशी मी फणसच मागितला. आजीबाई रागावल्या; पाहुण्याला का फणस घालायचा? अखेर दोन्ही वाढले. झाडे काढण्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.