चाके टेकल्यानंतरचे विमान

विमान-अपघात म्हटला की पेटलेले अवशेष आणि मृतांची यादी डोळ्यांपुढे येते. लहान खासगी विमानांचे बहुसंख्य अपघात मात्र या चित्रात बसत नाहीत. अशी विमाने जगात सर्वांत अधिक अमेरिकेत आहेत, आणि तेथील अपघातांच्या वार्षिक आढाव्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षे आढळते : सर्वाधिक अपघात उतरताना होतात आणि त्यांत माणसे क्वचितच दगावतात. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरते, पंख जमिनीला घासतो, पुढचा पंखा वाकतो आणि वैमानिक खजील होऊन बाहेर येतो. चौकशी-अहवालात ‘वैमानिकाला विमानाची दिशा राखता आली नाही’ अशा आशयाचे एक वाक्य लिहिले जाते आणि फाईल बंद होते. हे वाक्य खोटे नाही. पण कारण म्हणून ते अगदीच अपुरे आहे. ‘विद्यार्थी नापास झाला, कारण त्याला गुण कमी पडले’ असे म्हणण्यासारखेच ते आहे.

दिशा का राखता येत नाही? मोटार चालविणाऱ्याला हे चटकन उमगणार नाही. जमिनीवर धावणारे विमान हातांतल्या चक्राने वळत नाही, ते पायांनी, रडरच्या पेडलांनी वळते. नवशिका वैमानिक घाबरला की जुन्या सवयीने चक्र फिरवतो आणि पाय स्वस्थ राहतात. त्यातच वारा आडवा असेल, तर वाऱ्याकडचा पंख खाली दाबून धरावा लागतो आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवावे लागते. चाके टेकल्यावर तर हे काम अधिकच अवघड होते. वेग घटतो तसतशी रडरवरची हवेची पकड सुटत जाते. चाकांवर मात्र पुरता भार अजून आलेला नसतो. विमान धड आकाशातले नाही आणि धड जमिनीवरचे नाही, असे ते काही क्षण असतात. नेमक्या याच क्षणी ‘उतरलो एकदाचे’ म्हणून वैमानिक सैल पडतो.

जुन्या विमानांत अशा ढिलाईला क्षमा नव्हती. त्यांना शेपटीखाली चाक असे आणि विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडे. हातगाडी ओढली तर मुकाट्याने मागे येते, ढकलली तर वाकडी पळू पाहते. तसेच ते विमान जरा वळले की आपणहून अधिकच वळे. पुढे चाक नाकाखाली आले आणि गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे गेला. फ्रेड विक यांनी तर १९३७ साली प्रथम उडालेल्या ‘एरकूप’मधून रडरची पेडलेच काढून टाकली. १९५६ साली बाजारात आलेल्या ‘सेस्ना १७२’ने नाकचाक घरोघरी नेले (अर्थात अमेरिकेतल्या ज्या घरांना विमान परवडते तेथे!). ही सुधारणा खरीच होती. परंतु यंत्र चुका पोटात घालू लागले तशी पायांची विद्या मागे पडली. विमान गरजेपेक्षा १० टक्के अधिक वेगाने आणले, तर त्याची गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. असे विमान टेकत नाही, तरंगते, उसळते. आणि ते बळेच जमिनीवर दाबले की सारा भार नाकचाकावर येऊन भरकटते. नाकचाकाचे अभय तेथे संपते.

कायदाही या ढिलाईला हातभार लावतो. प्रवासी नेण्यासाठी मागील ९० दिवसांत ३ उड्डाणे व ३ अवतरणे केलेली असावीत, असा अमेरिकेचा नियम आहे. शेपटीचाकाच्या विमानात आणि रात्रीच्या वेळी ही अवतरणे पूर्ण थांबून करावी लागतात. दिवसा, नाकचाकाच्या विमानात, मात्र चाके टेकवून लगेच पुन्हा उडाले तरी ते मोजले जाते. म्हणजे टेकल्यापासून थांबेपर्यंतचा, विमान हातून निसटण्याचा जो पट्टा, तोच सरावातून वगळला तरी चालतो. यावर उत्तर असे की, भाड्याच्या विमानाचे पैसे तासावर असतात. टेकून पुन्हा उडाल्याने तासाभरात अधिक आवृत्त्या होतात. हिशेब बरोबर आहे. पण पाठाचा शेवटचा भाग गाळून केलेल्या आवृत्त्या कितीही झाल्या, तरी पाठ पुरा होत नाही.

उतरणे बिघडते आहे असे दिसताच पुन्हा वर जावे, हा उपाय पुस्तकात असतो. तोही सोपा नाही. मंदावलेल्या विमानाला एकदम पूर्ण शक्ती दिली की नाक वर उसळते व डावीकडे ओढले जाते. तेथे उजवा पाय वेळीच दाबला नाही, तर विमान जमिनीलगतच कोलमडते, आणि हा अपघात नुसता पंखा वाकण्यावर भागत नाही. शिवाय पाहुणे शेजारी बसलेले असताना अवतरण सोडून देणे अनेकांना कमीपणाचे वाटते.

आपल्याकडे खासगी विमाने थोडी. पण बारामती, धुळे, गोंदिया येथे विद्यार्थी याच जातीच्या लहान विमानांवर शिकतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांची अट आहे आणि घरचे लोक कर्ज काढून त्या तासांचे पैसे भरतात. फी भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेला तासांचा दर विचारावाच. त्याबरोबर आडव्या वाऱ्यात पूर्ण थांबून किती अवतरणे करवून घेता आणि अवतरण सोडून वर जाण्याचा सराव किती वेळा देता, हेही विचारावे.