हळदीकुंकवात दोन शब्द उन्हाचे

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर वक्ता उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळल्याचे सांगतो आणि श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. नाही तर ‘ऊन काय, पूर्वीही होतेच’ असे म्हणून विषय मिटतो. आमच्या मते या विषयावरचे पहिले भाषण आपल्या गल्लीतच व्हावे आणि त्याची सुरुवात प्रकृतीपासून व्हावी. त्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. शिक्षक, परिचारिका, औषध दुकानदार, आशाताई, कुणीही पंधरा मिनिटे बोलू शकेल. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारणी जमतात, हातात कैरीचे पन्हे असते. याहून चांगली सभा कोणती?

आधी शरीराविषयी बोलावे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली किंवा शरीरात पाणी कमी पडले की ही सोय कोलमडते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, माणूस असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्यावर तापाची गोळी उपयोगी नाही. रुग्णाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण आणि उन्हात राबणारे मजूर यांना धोका अधिक. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उन्हाने १४ जणांचा बळी घेतला, हे आपण विसरता कामा नये.

येथवर सगळे ऐकतात. पण अनेक डॉक्टर येथेच थांबतात, हे आम्हांला पटत नाही. कारणही सांगितले पाहिजे, आणि ते सोपे आहे. पृथ्वीभोवतीचे काही वायू गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. ही गोधडी नसती तर पृथ्वी गोठली असती. परंतु कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण ती जाड करीत आहोत. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

‘पूर्वीही ऊन होते’ म्हणणाऱ्यांची थट्टा करू नये. त्यांचे म्हणणे खरेच आहे. एका उन्हाळ्यावरून हवामान ठरत नाही. ते तीस वर्षांच्या सरासरीवरून पाहतात, एवढे त्यांना सांगावे. तसेच शेजाऱ्यांना अपराधी ठरवू नये. भारतात दरडोई होणारे कार्बनचे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. पत्र्याच्या घरात रात्रभर तळमळणाऱ्या बाईला ‘वीज वाचवा’ म्हणून उपदेश करणे शोभत नाही.

मग उपयोग काय? उपयोग हा, की ऊन दैवाधीन आहे ही समजूत गेली म्हणजे माणूस मागणी करू लागतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे पुढे अभ्यासात आढळले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आगाऊ इशारे, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. आपल्या नगरपालिकेकडे बाजारात सावली, बसस्थानकावर पाणी, मजुरांना दुपारची सुटी आणि रस्त्यालगत झाडे आपण का मागू नयेत?

वाचकहो, यंदा पन्ह्याबरोबर ही पंधरा मिनिटे जरूर द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करून दाखवा. आणि उठण्यापूर्वी गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, त्यांची यादी करून दुपारी कुणी कुणाकडे डोकवायचे, ते ठरवून घ्या.