अधिछात्रवृत्ती हा उपकार नव्हे

निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींच्या रक्तात सिकलसेलचा दोष असल्याचे १९५२ साली उघडकीस आले. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मात्र १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. मधल्या ७१ वर्षांचा हिशेब कोणत्याही राज्यकर्त्याने दिलेला नाही. या आजाराचा भार प्रामुख्याने आदिवासी व दलित समाजांवर आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या पाड्यांतील वेदना राजधानीपर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

नव्या मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे व २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु तपासणी म्हणजे संशोधन नव्हे. एकाच आजाराने एक मूल वारंवार तडफडते व दुसरे तुलनेने सुखरूप राहते, हे का? हायड्रॉक्सियुरियाची किती मात्रा आपल्या रुग्णांना पुरेशी आहे? दुर्गम भागात नवजात अर्भकाचे निदान वेळेवर कसे होईल? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी तरुण डॉक्टरांनी व वैज्ञानिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने काम करावे लागते. आणि त्या वर्षांत त्यांची चूलही पेटावी लागते.

असे काम तरुणच करतात, याला इतिहासाची साक्ष आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेने सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. त्या शोधात मोलाचा वाटा होता तो हार्वे इटानो या विद्यार्थ्याचा. जपानी वंशाचा म्हणून महायुद्धकाळात अमेरिकन सरकारने त्याला छावणीत डांबले होते. पुढे १९५६ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये या रेणूतील नेमका बदल शोधून काढला. त्यांचे वेतन ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडून, म्हणजे जनतेच्या पैशातून, येत होते. अशा ज्ञानाच्या पायावर उभ्या राहिलेल्या जनुकीय उपचाराची किंमत २०२३ साली अमेरिकेत २२ लाख डॉलर ठरली! ज्ञान समाजाच्या खर्चाने आणि नफा मात्र कंपनीचा, ही भांडवलशाहीची जुनीच रीत आहे.

आपल्याकडे चित्र काय आहे? परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५७ पासून उभी आहे. चंद्रपूरलाही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र झाले आहे. पण इमारती संशोधन करीत नाहीत. केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली ती १ जानेवारी २०२३ पासून, आणि तीही संशोधकांच्या आंदोलनानंतर. ही रक्कमही अनेकांच्या हाती महिनोन्‌महिने पडत नाही. घरी आधार असलेला तग धरतो; शेतमजुराची मुलगी संशोधन सोडून देते. डॉक्टरेटनंतर तर स्वतंत्र अनुदान दुर्मिळ आणि कायम जागा त्याहून दुर्मिळ. मग बुद्धिमान तरुण परदेशी गेले, तर त्यांच्या देशप्रेमाविषयी प्रवचने कोणत्या तोंडाने करायची?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर नेहमीचेच. आजाराने बुडणारी मजुरी, वारंवार द्यावे लागणारे रक्त आणि अकाली जाणारे जीव यांचा खर्च त्या तिजोरीच्या हिशेबात धरलाच जात नाही, म्हणून ते खरे भासते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अधिछात्रवृत्ती हे वेतन मानून दरमहा ठरल्या तारखेस द्यावे. डॉक्टरेटनंतर किमान पाच वर्षांचे स्वतंत्र अनुदान मिळावे व त्यातला मोठा वाटा जिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्यांना राखून ठेवावा. रोगग्रस्त समाजांतील मुलामुलींना त्यात अग्रक्रम असावा. सार्वजनिक पैशातून निघालेल्या औषधाची किंमत ठरवण्याचा अधिकार जनतेच्या हाती राहावा.

आदिवासी भागांत आरोग्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी या मागण्या आपल्या मानाव्यात. प्रयोगशाळेतील तरुणाचे रखडलेले वेतन आणि पाड्यावरच्या मुलाचा रखडलेला उपचार हे दोन प्रश्न नाहीत. ते एकच आहेत.