मोजणारे आणि मोजले जाणारे
जुनी वैज्ञानिक उपकरणे काचेच्या कपाटात मांडली की संग्रहालय झाले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक उपकरणाचे मोल त्याच्या नोंदींत असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन अलिबागला नेले गेले, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी वेध घेण्यात आले. नोंदींची साखळी तुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

नांदेड-लातूरकडे हीच दृष्टी का नसावी? येथे मोंढ्यातला तराजू आहे, जमीनमोजणीची साखळी आहे, पर्जन्यमापक आहे. महसूल मंडळाच्या मापकाने २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस दाखविला तर अतिवृष्टी, एरवी नाही! मापक एका गावी आणि वाहून गेलेले शेत दुसऱ्या गावी, तरी निवाडा मापकाचाच. असे उपकरण निकामी झाले की भंगारात जावे आणि त्याची नोंदवही वाळवीने खावी, हे समाजाच्या स्मृतीचे निर्लेखनच होय.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हा संग्रह उभारावा. मात्र प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत: हे कोणी वाचले, कोणाचे नशीब यावर ठरले, आणि त्याला ते तपासण्याचा अधिकार होता काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी पितळेला पॉलिश करीत बसावे.